थोरल्याचं छप्पर

होकार दिला तर ओगुटूला फुकटात वीज मिळणार होती. नकार दिला तर धाकट्या भावाचं घर अंधारात राहणार होतं. केनियातल्या आम्हा लुओ लोकांत थोरल्याच्या आधी धाकट्यानं घराला नवं काही करायचं नसतं. हा धाकटा, ओडेरो, मासेमारी सोडून सोलरचं काम शिकायला निघाला, तेव्हा ‘ऊन विकणार म्हणे!’ म्हणून ओगुटूच हसला होता. आता निम्म्या गावाच्या पत्र्यांवर त्यानंच बसवलेली पॅनेलं चमकत होती. “दादा, चढू का वर?” शिडी टेकवत त्यानं विचारलं. “मला कंदीलच बरा.” “म्हणजे मीही अंधारात?” “का? ऊन संपलं तुझं?” ओडेरो शिडी घेऊन बाजारातल्या आपल्या दुकानी गेला आणि तिथल्या पत्र्यावर पॅनेल बसवलं, दुकानाला ही रीत नव्हती. संध्याकाळी तिथल्या दिव्याखाली दोन्ही घरांची बायकापोरं जेवली. भावाच्या अंधाऱ्या घराकडं समाधानानं बघत, कंदिलाच्या धुरात ओगुटू एकटाच जेवला.