गोड हात

“गोड हात!” म्हणत एयांगनी सोयाबीनच्या तेंपेच्या तळलेल्या कापांची बशी मागे ओढली.

गोड हात म्हणजे उजवा. सात वर्षांच्या किनांतीचा डावा हात बशीपाशी अडकून राहिला. तिने एयांगकडे, आपल्या आजीकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला.

“मग नको मला,” ती म्हणाली.

तिच्या आईला, रेत्नोला हसू आलं आणि ते तिने गिळलं. सासूबाई सकाळच्या गाडीने क्लातेनहून सोलोला आल्या होत्या, त्याही रिकाम्या हाताने नाही. त्यांच्या पिशवीत शाळेचा नवा कोरा गणवेश होता. पांढरा सदरा, लाल स्कर्ट.

“मुख्याध्यापकांशी मी बोलून घेतलंय,” स्कर्ट उलगडत एयांग म्हणाल्या. “प्रसोजोलाही विचारलंय. सोमवारी झेंडावंदनाला ही रांगेत उभी राहणार.”

“काय म्हणाला प्रसोजो?”

“म्हणाला, तुम्ही दोघी काय ते ठरवा.”

नवरा दूर बालिकपापानला नोकरीवर, त्यामुळे शूरपणा त्याला फोनवर दाखवावा लागे, आणि तोही तो दाखवत नसे. रेत्नोने मनातल्या मनात त्याला चार शब्द सुनावले.

“ठरलंय, इबू,” ती सासूबाईंना म्हणाली. “किनांती शाळेत जाणार नाही.”

सदऱ्यावर लावायची नावाची पट्टी एयांगनी रेत्नोपुढे टाकली. “नाव तू लिही. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.” ते खरंच होतं. पेन्शनच्या कागदावर सही करायची म्हटली की एयांगना घाम फुटायचा. साधी बाजाराची यादीसुद्धा त्या दुसऱ्याकडून लिहून घेत.

रेत्नोने पट्टीला हात लावला नाही.

गेल्या वर्षी शाळेतल्या बाईंनी किनांतीला तिच्याच डाव्या हातावर बसवून उजव्याने लिहायला लावलं होतं. चांगल्यासाठीच हो, असं म्हणाल्या. महिन्याभरात पोर अंथरूण ओलं करायला लागली. त्या दिवशी रेत्नोने तिचं दप्तर उचललं आणि सगळ्या गल्लीच्या नाकावर टिच्चून तिला घरी आणलं. बायका अजून विचारतात, पोरगी आजारी आहे का गं?

घरचं शिकवणं म्हणजे रोज सण होता असं मुळीच नाही. कधी किनांती सोतो सुपाच्या गाडीवरची पाटी घडाघडा वाचून दाखवी आणि रेत्नोला आभाळ ठेंगणं वाटे. कधी दोघी मायलेकी टेबलाच्या दोन टोकांना बसून रडत. मागच्याच महिन्यात ‘b’चं पोट पुन्हा उलट्या बाजूला निघालं तेव्हा रेत्नोचा तोल गेला. तिने पेन्सिल हिसकावली आणि पोरीच्या उजव्या हातात कोंबली. तेव्हा किनांतीने तिच्याकडे जसं पाहिलं, तसं ती शाळेत बाईंकडे पाहत असे. रेत्नोला स्वतःची लाज वाटली होती. आपण पोरीसाठी भांडतोय की हट्टासाठी, हा प्रश्न तेव्हापासून तिला छळत होता. आज सासूबाईंपुढे तो पुन्हा वर येऊ पाहत होता, आणि ती त्याला वर येऊ देणार नव्हती.

एयांगनी चढवून पाहिलेला स्कर्ट किनांतीच्या पोटऱ्यांपर्यंत येत होता. त्यांनी तो तिच्या अंगावरून उतरवून घेतला, डबीतून सुई काढली, आणि तिथेच ओट्यावर बसून काठ दुमडायला घेतला. त्यांचं शिवण साऱ्या नात्यात नावाजलेलं, पण त्यांना शिवताना रेत्नोने कधी पाहिलं नव्हतं. कपडे क्लातेनहून तयारच येत. तिथे त्या खोलीचं दार लावून शिवत.

“आपल्यात कोणी घरी बसून शिकलंय?” शिवता शिवता त्यांचा आवाज चढला. “आई लाडच करणार. घरी शिकलेलं टिकतं का कधी?”

“शाळेत जात होती तेव्हा तर पोर अंथरुणात भिजत होती, इबू!” रेत्नोचाही आवाज चढला. “तुम्ही काठ घाला, नाव घाला, काय हवं ते घाला. सोमवारी त्या रांगेत हा स्कर्ट घालून मी उभी राहीन. माझी मुलगी नाही.”

“उलटून बोलतेस?”

“हो. बोलतेय.”

एयांगची सुई आणखीच भराभर चालू लागली. टाके बारीक, एकसारखे पडत होते. किनांती रांगत त्यांच्या जवळ गेली आणि मांडीवरच्या स्कर्टाकडे वाकून पाहू लागली.

“एयांग,” ती हरखून म्हणाली, “तुम्ही पण माझ्याच हातानं करता!”

सुई थांबली. ती एयांगच्या डाव्या हातात होती.

एयांगनी ती पटकन उजव्या हातात घेतली. पुढचा टाका वाकडा पडला. त्याच्या पुढचा बोटात गेला. बोलायचं सगळं रेत्नोच्या ओठांवर होतं, पण सासूबाईंचा चेहरा पाहून तिला ते बोलवेना.

एयांगनी बोट तोंडात धरलं. मग त्यांनी सुई पुन्हा डाव्या हातात घेतली आणि सुनेच्या डोळ्यांत डोळे घालून, न बघताच एक टाका घातला. तो सरळ पडला.

“लिहायला शाळेनं शिकवलं,” त्या म्हणाल्या. “हे माझ्या आईनं. घरी.”

त्यांनी दातांनी दोरा तोडला, स्कर्ट बाजूला ठेवला, आणि तेंपेची बशी नातीपुढे सरकवली.

“घे. कुठल्याही हातानं घे.”