आरोक्यमेरीचा रविवार

"फादर, मला सरळ उत्तर द्या. रविवारी काम केलं तर तुमच्यात पाप लागतं का?"

हरिप्रसाद चर्चच्या पायरीशी उभा होता. मिस्सेची प्रार्थना नुकतीच संपली होती. लोक चपला शोधत होते, आवारात स्कूटर सुरू होत होत्या. त्याच्या बाहीवर सांबाराचा ओघळ वाळून पिवळा झाला होता. सकाळी अप्पांना इडली भरवताना वाटी कलंडली होती. मग त्यांचं धोतर बदललं, अर्ध्या तासाने पुन्हा बदललं. शेवटी शेजारच्या अंबुजाबाईंना तासभर बसवून तो तणतणतच इथे आला होता.

अप्पा म्हणजे त्याचे वडील, तुळजाजी. सात महिन्यांपूर्वी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. एक शब्द पुरा व्हायला मिनिट लागे. हरिप्रसाद तेवढं थांबत नसे. "पाणी? फॅन? उशी?" असं भराभर विचारून मोकळा होई. बायको रंजना बदलीवर कोइंबतूरला, तो स्वतः दिवसभर कॉलेजात. म्हणून अप्पांचं सगळं करायला आरोक्यमेरीला ठेवलं. बाई गुणाची. कूस बदलायची, अंग पुसायचं ते तिनेच. आवाज न चढवता, घाई न करता.

सुरुवातीचे तीन रविवारही ती आली होती, मिस्सा आटोपून. मग एकाएकी म्हणाली, "सार, यापुढे रविवारी येणार नाही." तिच्या गळ्यातल्या क्रूसाकडे पाहून काय ते हरिप्रसाद समजला.

पंचाईत अशी, की त्याचाही रविवारच गेला होता. अकरा वर्षं दर रविवारी तो व्हायोलिन घेऊन तिरुवैयारूला जात असे, सीतारामरावांकडे शिकायला. आठवड्यात स्वतःचे म्हणावेत असे तेवढेच सहा-सात तास. आता पाच महिने तो गेला नव्हता. गेल्याच आठवड्यात सीतारामरावांचा फोन आला होता. "बोटं आखडली असतील आता. तुझी वेळ दुसऱ्या मुलाला देतो," ते म्हणाले, आणि त्याचं उत्तर ऐकायला थांबले नाहीत.

त्याने काय करून पाहिलं नव्हतं? मंगळवारी सुट्टी घ्या म्हटलं. न्यायला-आणायला ऑटो पाठवतो म्हटलं. दर वेळी ती खाली बघायची आणि तेच म्हणायची, "रविवार सोडून सांगा, सार." एकदा तर तो ओरडलाच होता, "म्हाताऱ्या माणसाचं अंग पुसलं म्हणून तुमचा देव रागावणार आहे का?"

"मंगळवार देऊ केलात?" फादर ज्ञानप्रकाशम यांनी सगळं ऐकून विचारलं.

"हो. देवाला मंगळवार काय नि रविवार काय."

"मग तुम्ही रामनवमी दशमीला करा की."

हरिप्रसाद आणखीच चिडला.

फादर पायरीवर बसले. "विसाव्याचा जुना दिवस शनिवार. येशूही तोच पाळत. शुक्रवारी त्यांना क्रूसावर मारलं. शनिवारी कोणी घराबाहेर पडलं नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, पहाटे, बायका कबरीवर गेल्या आणि कबर रिकामी होती. ते मेलेले राहिले नाहीत, उठले. तो दिवस रविवार, म्हणून आम्ही रविवारी जमतो. सुट्टी फार नंतरची. तीनशे वर्षं आमची माणसं पहाटे प्रार्थना करून कामावर जात होती."

"म्हणजे आजाऱ्याची सेवा केली तर?"

"ती कधी बंद होती? शनिवारीसुद्धा येशूने दुखणेकऱ्यांना बरं केलं, त्यावरून तर लोक त्यांच्यावर उठले. सकाळी मिस्सेला यावं, मग खुशाल कामावर जावं. पाप कसलं?"

हरिप्रसादला जिंकल्यासारखं वाटलं, आणि लगेच अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे पाच महिने या बाईने आपल्याला बनवलं! तेवढ्यात आरोक्यमेरी छत्री उघडत चर्चमधून बाहेर आली. त्याला पाहून तिचा चेहरा उतरला.

"अप्पा बरे आहेत ना?" तिने आधी तेच विचारलं.

"अप्पांचं राहू द्या. फादर काय म्हणतात ते ऐका. तुमच्या धर्मात रविवारी आजाऱ्याचं करायला बंदी नाही."

"ठाऊक आहे, सार."

"ठाऊक आहे? मग देवाचं नाव सांगून मला का फसवलंत?"

"मी देवाचं नाव कधी घेतलं?" ती म्हणाली. "ते तुम्हीच म्हणत होता."

हरिप्रसादचा आवाज चढला. जाणारे दोघे-तिघे थांबले. "माझा एक दिवस होता, मेरीअम्मा! एकच! तो तुम्ही खाल्लात. कशासाठी, ते तरी सांगा!"

तिने छत्री मिटली. फादरांकडे पाहिलं.

"सांगणार नाही असा शब्द दिला होता, सार," ती म्हणाली. "तीन रविवार मी आले. तिन्ही वेळा मी उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आत तुम्ही व्हायोलिन उचलून बाहेर. संध्याकाळी परत आलात की दारातूनच विचारायचात, जेवले का? मग शनिवारी अप्पांनी माझं मनगट धरलं. सोडेचनात. पाऊण तास बोलत होते, घामाघूम झाले. बोलले ते एवढंच: 'रविवारी येऊ नकोस. तू आलीस की हरि येत नाही.'"