पुरेशी सवड

प्रेमिलाबाईंच्या लेकीचं, काजलचं सिझेरियन शुक्रवारी होतं, टोरंटोत. आईचं तिकीट काढताना धर्मेंद्रनं विमान बदलायला मुंबईत पाच तास ठेवले, दोह्यात सात.

"इतका वेळ तिथं बसून काय करू गा?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"बसून राह्य. एक विमान चुकलं तं तुझ्याआधी बाळ येऊन जाईन."

निघायच्या दिवशी अमावास्या. म्हणून प्रेमिलाबाईंनी आदल्या दिवशीच, चांगला मुहूर्त पाहून, प्रस्थान ठेवलं. हातातली पिशवी शेजारच्या हर्षाकडे नेऊन दिली, म्हणजे प्रवास शुभवेळी सुरू झाला. निघताना फक्त उचलायची.

***

आता टॅक्सी दारात उभी आहे, हर्षाच्या घराला कुलूप आहे, आणि माहेरी भिवापूरला पोचलेली हर्षा फोनवर विचारते आहे, "काकू, त्या पिशवीत पासपोर्ट तं नव्हता ना?"