जमिनीला पाय लागायच्या आधी

थर्मामीटर जिभेखाली जाऊन दोन मिनिटंही झाली नव्हती, तोच ओसरीवरून सासूची हाक आली.

"देवका! म्हैस हंबरून राह्यली, अन् तू अजून पडूनच?"

तोंडात काच धरून उत्तर देता येत नाही. देवकाने थर्मामीटर काढून उशीखाली सरकवला आणि उठली. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे पुढे ती म्हैस दोहून, चूल पेटवून, मग घटकाभर आडवी होऊन पारा पाहू लागली.

महिन्याने हिंगणघाटच्या डॉक्टरीणबाईंनी चौकटींचा कागद उघडला. ठिपके वाटेल तसे विखुरले होते.

"पहाटे डोळा उघडल्याबरोबर, जमिनीला पाय लागायच्या आधी, न बोलता पाच मिनिटं. सांगितलं होतं ना? उठून काम केलं की अंगाची उष्णता वाढते. मग बीज कोणत्या दिवशी सुटतं, सुटतं की नाही, काहीच कळत नाही. हा कागद बाद."

"कागद बाद, का बाई बाद?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या. मनकर्णाबाई हसल्या नाहीत. अल्लीपूरच्या बसमध्ये त्या सुनेला हळूच म्हणाल्या, "पाच वर्षं झाले. होळीपर्यंत पाहू. वडनेरची पोरगी मधुकरसाठी सांगून आलीच आहे. तुले कोणी हाकलत नाई. तूही राह्यजो."

देवकाने नवऱ्याला सांगून पाहिलं. मधुकरराव वहाणांकडे पाहत म्हणाले, "मायपुढं माहं चालते काय?"

मग तिने सासूलाच विचारलं, "आत्याबाई, पहाटे पाच मिनिटं फक्त…"

"अन् चूल काय डॉक्टरीण पेटवन?"

आतल्या खोलीत नलू झोपली होती. मनकर्णाबाईंची धाकटी लेक, एकोणीस वर्षांची. सेलूचं स्थळ ठरलं होतं, होळीनंतर लग्न होतं. तिला कोणी उठवायचं नाही, असा घरचा नेम होता. "लेक चार दिवसाची पाहुणी. सासरी कोण झोपू देते?" असं मनकर्णाबाई म्हणत, आणि हे त्या देवकासमोरच म्हणत. नलूची एकच तक्रार त्या करीत. "दोघी नणंद-भावजय एकदमच बाजूला बसता. चार दिवस विहिरीवर मी जाऊ काय?"

पुढच्या महिन्यापासून कागद नीट भरू लागला. आधी खालचे ठिपके, मग महिन्याच्या मध्यावर उडी, मग वरचे ठिपके, आणि पुन्हा खाली. देवका पहाटे आंघोळ करून तुळशीला पाणी घाली, म्हैस दोही, नलूचा चहा आत नेऊन देई आणि बाहेर आली की केसांत खोचलेली पेन्सिल काढून ठिपका मांडी.

"एवढा वेळ काय करतं आत? चहा निवून जाते," मनकर्णाबाई म्हणत. "मोठं गूळपीठ आहे दोघींचं."

"नलूताईला जाग यायला वेळ लागते, आत्याबाई."

नलू दुपारी शिवणाच्या क्लासला जाई आणि दिवेलागणीला परते. वहिनीच्या गळ्यात हात टाकून म्हणे, "वहिनी, माह्या लग्नात तुमचं पोरगं मांडीवर पाह्यजे मले."

"येवढ्या लवकर कुठं, नलूताई?"

दुसरा महिना सरत आला. या खेपेला देवकाचे दिवस आठवडाभर वर गेले. मनकर्णाबाई बोटांवर मोजत होत्या. एका सकाळी त्यांनी स्वतःच बस गाठायची घाई केली. त्या दिवशी तुळशीला पाणी पडलं नाही. पाच वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"बस चुकन," देवका म्हणाली.

बसमध्ये मनकर्णाबाईंनी तिला खिडकीजवळची जागा दिली. "या महिन्यात मले विहिरीवर जा लागलं नाई," त्या खुशीत म्हणाल्या. देवका बाहेरच्या कपाशीच्या पऱ्हाट्यांकडे पाहत होती.

डॉक्टरीणबाईंनी कागद उजेडात धरला.

"सांगितलं तसंच केलंस?"

"हो बाई."

"जमिनीला पाय लागायच्या आधी?"

"आधीच."

"पाच मिनिटं?"

"मोजून."

डॉक्टरीणबाईंचं बोट वरच्या ठिपक्यांवरून सरकत गेलं. "बावीस दिवस पारा खाली आलेला नाही. अठरा दिवसांच्या वर टिकला की आम्ही एकच समजतो. दिवस गेलेत. पंधरा दिवसांनी तपासू."

मनकर्णाबाईंनी सुनेच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"उद्यापासून तू पहाटे उठायचं नाई. कामाले नलूले उठवीन मी. अन् सेलूच्या सोयऱ्याईले आजच पेढे पाठवू. पाच वर्षांनी देव पावला, बाई!"

देवकाने कागदाची घडी घातली. ती नीट बसेना. तिला त्या पहाटेच पाळी आली होती. आणि गेले दोन महिने थर्मामीटर असायचा तो नलूच्या जिभेखाली.