कमरेकडे येणारा हात

फ्लॅग फुटबॉलच्या सामन्यात पंचांची शिट्टी वाजली तेव्हा शलाकाचा हात अजून कमरेच्या पट्ट्याला लटकणाऱ्या लाल कापडी फ्लॅगवरच होता.

"दुसरी चूक! फ्लॅग हाताने झाकायचा नाही," पंच म्हणाल्या. "तिसऱ्यांदा झाकलास तर मैदानाबाहेर."

कॅप्टन तणतणत आली. "अगं, चेंडू घेऊन पळताना त्यांनी तुझा फ्लॅग ओढला तर ओढला, डाव तिथं थांबतो. तू मध्ये हात कशाला घालतेस? तू बाहेर गेलीस तर आपल्याकडे बदली खेळाडूसुद्धा नाही!"

शलाका कॉलेजला रोज एसटीत उभ्याने जायची. गर्दीतून कुणाचा हात कमरेकडे सरकला की तिचा हात आधीच तिथे पोचलेला असे. तो काही नियम वाचून हलत नव्हता.

चेंडू पुन्हा तिच्याकडे आला. ती धावत सुटली. डावीकडून धापांचा आवाज जवळ आला. हात आपसूक खाली निघाला होता. तिने तो वर ओढला, चेंडू दोन्ही हातांनी छातीशी आवळला आणि डोळे गच्च मिटून पळत राहिली.

कमरेला एक हिसका बसला. बस्, तेवढाच.

तिने डोळे उघडले. दुसऱ्या संघातली मुलगी फ्लॅग उंच धरून उभी होती. शिट्टी झाल्यावर तिने तो शलाकापुढे केला. "घे गं, तुझा. लागलं नाही ना?"

शलाकाने मान हलवली. फ्लॅग पट्ट्यात अडकवता अडकवता ती कॅप्टनला म्हणाली, "चेंडू परत माझ्याकडेच दे."