निळ्या स्वेटरची दुसरी बाही

“कोण आहे?” खिडकीपाशी बसलेल्या बायकोने मान वर करून विचारलं.

“कोण असणार? चोर काय भरदुपारी चपला काढून आत येतात?” घड्याळजी दारातच करवादले. दुकानातून यायला जरा उशीर झाला, की हल्ली बायकोचा हा ‘कोण आहे’चा टोमणा ठरलेला. आज तर अर्ध्या दिवसाची सुट्टी होती, उशीरही झाला नव्हता. त्यांनी पिशवी खाली ठेवली, बायकोच्या मांडीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

सुईवर लिंबी रंगाची नवीकोरी पट्टी होती. पायाशी लोकरीचे गुंडे लोळत होते. नारिंगी, पोपटी, राणी, पांढरा.

“हे काय आता आणखी?”

“ब्लँकेट घेतलंय विणायला. रंगीबेरंगी करणार आहे.”

“आणि माझा स्वेटर?”

“होईल की.”

हे ‘होईल की’ घड्याळजी गेल्या थंडीपासून ऐकत होते. गडद निळा स्वेटर. पाठ झाली, पोट झालं, वेण्यावेण्यांची उजवी बाही झाली, आणि डावी कोपरापाशी येऊन जी बसली ती उठायचं नाव घेईना. सोबतीला मेहुण्याचा काळा मफलर होता, हातभर विणून टाकलेला. लेकीचे चॉकलेटी मोजे होते. म्हणजे मोजा होता, दुसऱ्याचा पत्ता नव्हता. तिन्ही कामं कपाटातल्या पिशवीत सुयांसकट कोंबलेली. घड्याळजी कपाटातलं काही काढायला गेले, की एखादी सुई त्यांना हमखास टोचायची.

बरं, यांनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? लोकर बोचते म्हणाली, यांनी ती धुऊन आणली. सुई वाकलीय म्हणाली, यांनी ती दुकानात नेऊन सरळ केली. उजेड पुरत नाही म्हणाली, यांनी कंबर धरून तिची जड खुर्ची खिडकीशी ओढली. तरी घोडं नेमकं कुठे पेंड खात होतं, कळत नव्हतं. घड्याळजींच्या दुकानात एक घड्याळ उघडलं, की ते चालू होऊन मिटेपर्यंत दुसऱ्याला हात लागत नसे. आणि घरात ही तऱ्हा. तीन कामं लोंबकळत ठेवून बाईसाहेबांनी चौथ्याचे टाके घातले होते. तेही कसल्या रंगांत, तर बघणाऱ्याच्या डोळ्यांत खुपतील अशा.

“आज सोक्षमोक्षच लावतो,” म्हणत त्यांनी कपाटातली पिशवी ओढून काढली. “वीतभर बाही राहिलीय. काय अडलंय ते मलाच बघू दे.”

“राहू द्या हो,” बायको म्हणाली. पण ते ऐकतात कसले. टेबलाशी बसून त्यांनी दिवा लावला, खिशातलं भिंग डोळ्याला चढवलं आणि डावी बाही उजेडात धरली.

खालच्या वेण्या अगदी रेखीव होत्या. कोपरापाशी मात्र लोकरीचा पीळ गेला होता, तिचा नुसता भुसा झाला होता. घड्याळजींना विणकामातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एकच स्क्रू पुन्हा पुन्हा काढून बसवला की त्याची खाच कशी झिजते, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. या चार ओळी कोणीतरी वीसेक वेळा उसवून पुन्हा विणल्या होत्या. एवढं करूनही एक टाका खाली निसटून मोकळाच लोंबत होता, आणि सुई भलत्याच टाक्यात शिरली होती.

त्यांनी मफलर काढला. तिथेही तेच. मोजा काढला. टाचेपाशी लोकर पार झिजलेली, आणि एक टाका निसटलेला.

निळा. काळा. चॉकलेटी. घड्याळजींनी भिंग उतरवून खिडकीकडे पाहिलं. लिंबी पट्टीवर आता राणी रंगाची ओळ चढत होती, संथपणे, न चुकता.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“गेल्या थंडीपासून.” बायकोचा हात थांबला नाही. “हात चालतात हो, हातांचं काही नाही. पण गडद लोकरीत टाका निसटला, की मला तो सापडतच नाही. लेक घेऊन गेली होती डॉक्टरांकडे. चष्म्याने भागायचं नाही म्हणाले. वाढतच जाणार आहे.”

“आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?”

“सांगणार होते. तुमचा स्वेटर तेवढा पुरा झाला की.”

दिवसभर भिंग लावून केसाएवढ्या काट्याची खोट पकडणाऱ्या माणसाला स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटली की घड्याळजींचा आवाज चढायचा, तसा तो आताही चढला.

“मग ठेव ना त्या सुया खाली. स्वेटर गेला खड्ड्यात. आता हे ब्लँकेट आणखी कोणासाठी? कोणाला नाही म्हणता येत नाही तुला?”

बायकोने पट्टी उचलून त्यांच्या दिशेने धरली. त्यांच्या अंगात अजून दुकानातला काळा कोट होता.

“तुमच्यासाठीच आहे,” ती म्हणाली. “घरात आलात की अंगावर घेत जा. म्हणजे मला रोज ‘कोण आहे’ विचारावं लागणार नाही.”