टर्बो निवेपर्यंत

नाक्यावरच्या गॅरेजात मेकॅनिक दस्तगीरभाईंनी इंजिनात घातलेलं बोट बाहेर काढून रामप्रसादच्या डोळ्यांसमोर धरलं. बोटाला तेल नव्हतंच. काळा, चिकट गाळ होता.

तेल कधी बदललं होतं, असं त्यांनी विचारलं. रामप्रसादला आठवेना. पुण्याहून जुनी घेतलेली टर्बोची गाडी, पळायला वारा. वाशिमहून नरसीला परतताना ती कनेरगाव नाक्याजवळ मेली. त्याआधी बराच वेळ तेलाचा लाल दिवा पेटला होता आणि शेजारी बसलेल्या शिवकन्येनं तो दाखवलाही होता. पण बायकोचं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. घरी गेल्यावर बघू म्हणत त्यानं पाय आणखी दाबला होता.

बंद गाडीला टेकून ती उन्हात एवढंच म्हणाली, "तुमाला माझं बोललेलं ऐकूच येत न्हाई. गाडी नीट झाली की मला वाशिमला माहेरी नेऊन सोडा. ज्यानं आणली त्यानंच पोचवावी. मी परत येणार न्हाई."

ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती शांतपणे बोलली, आणि तो बॉनेट उघडून उगाच आत बघत राहिला.

घरी आईला, आशाबाईंना, हे कळलं. सासूसुनेचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. "जाणाऱ्याला कोण अडवतं? दार उघडंच हाय," असं म्हणून त्या ज्वारी निवडत बसल्या.

महिन्याभरानं गाडी मिळाली, पण सोबत अटीही मिळाल्या. दस्तगीरभाई म्हणाले, "इंजन नवं बांधलंय, लेकरावानी जपा. मी सांगेपर्यंत लांबचा रस्ता न्हाई. रोज सांजच्याला गावाभोवती हळू फिरवा. दिव्यावर तुमचं ध्यान नसतं, तवा शेजारी माणूस पाहिजे. आन् थांबल्याबरोबर चावी फिरवायची न्हाई. टर्बोचा पंखा लई तापतो, तो निवू द्या, न्हाईतर तेल आतल्या आत जळतं. तवर गाणी बंद, मोबाईल बंद. आवाजावर कान ठेवा."

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. रामप्रसादनं सगळं कबूल केलं.

शेजारी बसणार कोण? आशाबाईंना म्हणे गाडीत चक्कर येत होती. मग शिवकन्याच बसू लागली. गाडी लवकर मार्गी लागली की आपणही सुटू, असा तिचा हिशेब.

पहिले काही दिवस दोघं दारात चालू गाडीत मुक्यानं बसत. तो इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या काट्याकडे पाही, ती दिव्याकडे. मग एकदा त्यानं विचारलं, काही आवाज येतोय का. ती नाही म्हणाली. मग तिनंच सांगितलं, की तो दर वेळी ढाब्यावर तिच्यासाठी आल्याचा चहा मागवतो आणि तिला आलं सोसत नाही. लग्नाला तीन वर्षं झाली होती. रामप्रसाद चाट पडला.

बोलणं असं थेंबाथेंबानं सुरू झालं. एके दिवशी ती त्या दवाखान्याबद्दल बोलली. पोटातलं बाळ राहिलं नाही त्या दिवशी ती त्याला फोन लावत होती आणि तो रस्त्यावर गाडीचा वेग बघत होता. रामप्रसादनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो रडला. काटा केव्हाच खाली आला होता. चावी कुणीच फिरवली नाही.

दारातून आशाबाईंचा तोंडाचा पट्टा चालूच असायचा. पेट्रोल काय नळाला येतं का, असं त्या विचारत आणि गाडीपाशी घोटाळणाऱ्या शेजारच्या पोरांना बखोट धरून लांब नेत.

अखेर दस्तगीरभाईंनी तेल तपासलं. स्वच्छ होतं. आता कुठंही जा, म्हणाले. त्या संध्याकाळी गाडी निवत असताना रामप्रसादनं जीव मुठीत धरून विचारलं, "मग... वाशिमला सोडू?"

शिवकन्या काट्याकडे बघत राहिली. "रविवारी जाऊ," ती म्हणाली. "आन् सांजपर्यंत परत येऊ. सकाळची भाजी तशीच राहील न्हाईतर."

रामप्रसादनं हसत चावी फिरवली. 

वाशिमला तिचा भाऊ गाड्यांचंच काम करायचा. दारात गाडी उभी राहिली तरी दोघं आतच बसलेली बघून तो जवळ आला. कारण ऐकून पोट धरून हसला. या गाडीचा पाण्याचा पंप इंजिन बंद केल्यावरही चालतो, टर्बो आपोआप निवतो, त्यानं सांगितलं. आणि नवं बांधलेलं इंजिन जपून चालवलं तर लांबच्या रस्त्याला काही होत नाही. भावजींना कुणीतरी येडं बनवलं होतं.

परतीच्या वाटेवर रामप्रसादनं कनेरगाव नाक्यावर गाडी थांबवली आणि एकटाच गॅरेजात शिरला.

"दस्तगीरभाई, खोटं काहून सांगितलं?"

दस्तगीरभाईंनी आधी बाहेर बघितलं. शिवकन्या गाडीतच होती.

"तुमची आई आली होती एसटीनं," ते म्हणाले. "रडून राहिल्या होत्या. म्हनल्या, भाई, गाडी नीट झाली की माझी पोरगी जाती. काय बी सांगा, पण त्या दोघांला रोज थोडा वेळ एका जागी बसवा."